किल्ली शोधायची जागा

अरे, विमानाची तिकिटं आज काढू नकोस. काढली नसशील ना? तुझा काही नेम नाही.

डबे भरलेत, दूध तापवलंय. धाकटी लोकरी टोपी घालून शाळेत जायचं म्हणेल, जाऊ दे. थोरला दप्तरात उशा कोंबून जिन्यात डोंगर चढायचा सराव करतोय. खालच्या काकूंची बोलणी आज तू खा. काल मलाही चढायला ओढत होता, मी कपडे वाळत घालायचेत म्हणून सटकले.

थेट एवढ्या उंचावरच्या देशात उतरायचं आणि दुसऱ्याच दिवशी आणखी वर जायचं, हे मला झेपेल का, एवढंच विचारायला डॉक्टरकडे चाललेय. पोरांना सांग, आई बाजारात गेलीय. सहल रद्द म्हणून तोंड पाडून बसू नकोस, तसं काही मी म्हटलेलं नाही.

आणि हो, दुसऱ्या मजल्यावर मी रोज थांबून पर्समध्ये किल्ली शोधते, आणि तू वरून हसतोस, "सापडली का गं, वेंधळे?"

किल्ली माझ्या मुठीतच असते रे.