उताणा पैलवान

१२ जून
चि. भाच्यास,
अ. उ. आ.

तू परदेशी नोकरीला निघालास आणि तुझा तो तळहाताएवढा कोळी, पैलवान, माझ्या शिवणखोलीत ठेवून गेलास, तेव्हा ‘आल्याबरोबर घेऊन जा’ यापलीकडे मी तुझ्याशी धड बोललेही नव्हते. आता ऐक. परवा त्याच्या पेटीत काचेलगतच्या बिळात डोकावले तर पैलवान उताणा, पाय वर. गेला असं समजून मी मशीन बंद केलं आणि चक्क रडले. संध्याकाळी बघते तर स्वारी स्वतःच्याच अंगातून बाहेर येत होती. हातमोज्यातून बोटं काढावीत तसा एकेक पाय अलगद सोडवत होता. जन्मभर शिवतेय, पण इतकं सफाईदार काम माझ्या हातून कधी झालं नाही.

त्याने टाकलेली कात सोबत पाठवतेय. पोटाकडचा चुरगळलेला बोळा कातरला, पाय मात्र टाचण्या लावून झोकात बसवलेत. कौतुक कर.

लोभ आहेच; पत्र मोठं लिहिलंस तर वाढेल.
तुझी आत्या

२ जुलै
ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पाय बघून मी खुर्चीतून उठलोच. मागचे दोन पुढच्यांपेक्षा जाड, वर गंजाच्या रंगाची मखमल. दुकानदाराने भलतंच नाव सांगितलं होतं. हा आफ्रिकेतला ‘किंग बबून’ जातीचा कोळी आहे.

पण आत्या, तू नेमका मोलाचा भाग कातरलास. नर की मादी, ते पोटाच्या कातीवरून कळतं. ती भिजवून उलगडली की चार पांढरे ठिपके दिसतात. वरच्या दोहोंच्या मधे कातडीची जास्तीची घडी असली तर मादी. मादी वीस वर्षंही जगते. नर वयात आला की फार तर वर्षभर, आणि मला परतायला दोन वर्षं आहेत. नखाएवढा होता तेव्हापासून वाढवलाय गं. माझ्या माघारी गेला तर फार लागेल मला.

तुझ्यावर राग नाही. लोभ कातरू नकोस.
तुझा भाचा

२० जुलै
चि. भाच्यास,
अ. उ. आ.

अरे शहाण्या, शिंपिणीने कातरलेलं कुठे जातं? चिंध्यांच्या पिशवीत. ती पालथी केली, तर अस्तराच्या तुकड्यांत तो बोळा सापडला. साबणाच्या पाण्यात भिजवला, दोन सुयांनी उलगडला आणि तुझं भिंग लावलं. वरच्या दोन ठिपक्यांच्या मधे आतून बसवलेला खिसा आहे. तू घडी म्हण, मला खिसा ओळखता येतो. मादी आहे ती. आता पैलवानबाई म्हणायचं.

ही बातमी सांगायला झाकण उघडलं, तर तिने पुढचे पाय उगारले आणि तापल्या इस्त्रीवर पाणी पडावं तशी फुसफुसली. बाईमाणसाने असंच असावं.

आल्याबरोबर घेऊन जा म्हणाले होते, ते मागे घेते. माझं वय मला ठाऊक आहे. ती माझ्यामागेही असणार. तोवर ती माझी. नंतर तुझीच आहे, मशीनसकट.

लोभ असू दे, दोघींवर.
आत्या