शेठजींच्या बागेतली तुमची बोडी

प्रिय बाबा,

आत्ताच शेठजींच्या बागेतून आले. आई चुलीपाशी बसून "भात थंडा होऊन रायला" म्हणून हाका मारते आहे, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय घास उतरणार नाही. तुम्ही खोदलेली बोडी अजून आहे, बाबा! आईलासुद्धा अजून बोलले नाही. पहिला मान तुमचा.

गोंदियातल्या बाळंतिणींच्या दवाखान्याला खाटा घ्यायच्या आहेत, म्हणून बायकांच्या मंडळानं शनिवार-रविवार तीन बंगल्यांच्या बागा लोकांना उघडल्या आहेत. एरवी फाटकातून डोकावलं तरी कुत्रं अंगावर यायचं. आता दोन आणे द्या आणि खुशाल हिंडा. शाळेच्या मुलींना घेऊन मला जावं लागलं. तिसरा बंगला निघाला आपल्या शेठजींचा!

तुम्ही तिथे माळी होतात, हे मी शाळेत कुणाला सांगितलेलं नाही. "वडील शेती करायचे," एवढंच सांगत आले. रागावलात?

पण तुम्ही तरी कशाला तसं केलंत? शेठजी महिनाभर यात्रेला जातात आणि येऊन पाहतात तो काय, कारंज्यासाठी राखलेल्या जागेत ही बोडी! आपल्या धानाच्या शेतापाशी असते तसं छोटं तळं, भोवती मातीची पाळ. आपण कोहळी, पिढ्यान्‌पिढ्या तळी बांधणारी माणसं. गुलाबांच्या वाफ्यात तळं खोदायचं आपल्यालाच सुचायचं. चार लोकांसमोर त्यांनी तुम्हाला घालवून दिलं.

"बाई, पानी सारं रस्त्यावर पळून जाऊन रायलं होतं. पाहत कसा राहू?" एवढंच तुम्ही म्हणालात. आणि मी काय म्हणाले? "हा बंगला आहे बाबा, धानाची बांधी नाही. माझी लाज घालवलीत." तुम्ही पागोटं बांधलं आणि गावी नवेगावला निघून गेलात. पुढचा उन्हाळासुद्धा पाहिला नाहीत. शेठजींची बाग आपण नासवली, असंच वाटत होतं ना तुम्हाला? मलाही तेच वाटत होतं.

आज पहिल्या दोन बागांमध्ये फुलं कमी आणि "हात लावू नये"च्या पाट्या जास्त. विहिरी आटलेल्या, कुंड्या तेवढ्या जिवंत. शेठजींच्या फाटकातून मी खाली मान घालून शिरले. वर पाहिलं तर सगळं हिरवंगार! बोडीत अजून गुडघाभर पाणी होतं. लोक पाळीवर दाटीनं उभे, आणि शेठजी काठीनं दाखवत होते, "इसी का पानी कुएँ में उतरता है. तीन साल से बाग सूखी नहीं."

किती हलकं वाटलं म्हणून सांगू! तिथेच पोटभर रडावं असं झालं.

तेवढ्यात कुणीतरी विचारलं, "किसने बनवाया?"

"हमने," शेठजी म्हणाले.

"माझ्या बाबांनी बांधली," मी म्हणाले. वर्गातसुद्धा माझा आवाज कधी एवढा चढत नाही. मुली माझ्याकडे बघतच राहिल्या.

शेठजींनी चष्मा सारखा केला. "तू सीताराम की बेटी? कहाँ है वो? मिट्टी एक तरफ से बैठ रही है, किसी से जमता नहीं. उससे कह, आ जाए."

तुम्ही आता या जगात नाहीत, हे मला त्यांना सांगावं लागलं. त्यांनी टोपी काढून हातात धरली. "मैंने उसको गलत निकाला," असं ते सगळ्यांसमोर म्हणाले. हे ऐकायला तुम्ही हवे होतात, बाबा.

उद्या रविवार आहे, बाग अजून एक दिवस उघडी आहे. आईला घेऊन जाते. पाळ कुठे बसली आहे ते मी बघून ठेवलं आहे. लहानपणी तुम्ही पाळ बांधताना तुमच्या मागे मागे चिखल तुडवला तो काही विसरले नाही. उद्या पदर खोचून, शाळेतल्या मुलींच्या देखत, तिथली माती मी तुडवीन. कुणाची लेक म्हणून विचारलं, तर सांगीन.

तुमचीच,
सुभद्रा