चंद्र यायच्या आधी मोजलेल्या कृत्तिका

प्रिय आई,

तुम्ही गेल्यावरची ही पौषातली पहिलीच संकष्टी. मघाशी गच्चीवरून उतरताना सवयीनं हाक मारली, "आला हो चंद्र." खाली ऐकायला कुणी नाही हे अर्ध्या जिन्यात आठवलं. म्हणून लिहायला बसले.

लग्न होऊन गोत्रीच्या या सोसायटीत आले तेव्हा किती चिडवायचात मला! "डभोईचं काळंभोर आकाश सोडून आलीस आणि एक नक्षत्र ओळखता येत नाही? चल अगाशीत. चंद्र उगवेपर्यंत अंधार असतो, तोच आपला वर्ग."

जिन्यातला दिवा बंद. पंधरा मिनिटं उजेडाकडे बघायचं नाही. पुसट चांदणीवर नजर रोखायची नाही, जरा बाजूला बघायचं, मग ती आपोआप दिसते. पहिल्या वर्षी कृत्तिकांचा झुबका मला नुसता धुरकट ठिपका वाटला. तिसऱ्या वर्षी सहा चांदण्या मोजल्या. खाली सगळे केबलवर सिनेमा बघत होते आणि आपण सासू-सून वर, उपाशी आणि खूश.

नवी सून स्वयंपाकघरातून दोन तास सुटते कुठे? ते तास तुम्ही मला दिलेत. माहेरीसुद्धा कुणी दिले नव्हते.

मग काचबिंदूनं तुमची नजर गेली. तुम्ही खाली बसायचात, मी वरून येऊन सांगायची. त्या पौषात साखर उतरून तुमचे हात थरथरत होते आणि समोरच्या नव्या इमारतीमागून चंद्र काही येईना. मी खाली येऊन म्हटलं, "आला."

"आत्ता खाली येताना कृत्तिका किती दिसत होत्या?"

"सहा," मी तोऱ्यात सांगितलं.

"चंद्राच्या उजेडात सहा? अगं, म्हणजे तो आलेलाच नाही."

साखरपाणी मात्र घेतलंत, औषध म्हणून. मग हळूच म्हणालात, "मी आता तुझ्या डोळ्यांनी बघते. तेच खोटं बोलले तर मी काय करू?"

एकदा रागवायचं तरी होतं, आई. रागावला असतात तर मी केव्हाच विसरले असते.

आज पाचच दिसल्या. गोत्रीतले दिवे वाढलेत, की माझ्या चष्म्याचा नंबर? तुमच्यासाठी सहा म्हणावंसं फार वाटलं. पण पाचच म्हटल्या. पुढे चार दिसतील, तीन दिसतील. जेवढ्या दिसतील तेवढ्याच सांगेन.

आणि मघाशी हाक मारली ना, तेव्हा चंद्र खरंच आला होता.

तुमची सून,
सुमन