ऊन पाणी

चेंदणी, ठाणे
१२ जानेवारी १९९२

प्रिय मालूआत्या,

तुझ्या आईनं चाळीस वर्षं कोळीवाड्यातल्या आणि आसपासच्या चाळींतल्या गेलेल्या बायकांना शेवटची अंघोळ घातली. "पानी ऊन घ्या गो, थंडी वाजंल तिला," म्हणायची. परवा आजीच गेली, तर त्याच घरांतल्या बायका दारात थांबल्या. "तू शिकलेली, तूच बघ काय ते." इतकी चीड आली! मी बी.ए., समाजसेवेवर भाषणं देणारी. पण माझेही हात उचलेनात. शेवटी रागारागानं एकटीनंच अंघोळ घातली. तू खडवलीहून पोचलीस आणि विचारलंस, "आयला ऊन पानीच घेतलंस ना गो?"

मी हो म्हटलं.

हे पत्र मी टाकणार नाही. पण त्या रागात मी चूल पेटवलीच नव्हती, आत्या.

तुझी भाची,
नयना