आईच्या मापाचे दांडे

३ फेब्रुवारी

निर्णय झाला. काम मी स्वतः करणार.

ठेकेदार सकाळी येऊन गेला. मागची खोली, तिला लागून असलेले स्नानगृह, फाटकापासून दारापर्यंतची उखडलेली वाट – सारे दाखवून जमेल का, असे विचारले. म्हणाला, "होऊन जाईल, साहेब." कधी होईल, असे विचारले. "होऊन जाईल." कसे करणार, असे विचारले. तेच उत्तर. ज्या माणसाला तीन निरनिराळ्या प्रश्नांना एकच उत्तर पुरते, त्याच्या हाती मी घर सोपवणार नाही.

आई धाकट्याकडे असते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. गेल्या महिन्यात तिथल्या मोरीत ती घसरली. हाड मोडले नाही, पण तेव्हापासून ती घराबाहेर पडलेली नाही. धाकटा म्हणाला, "दादा, आता तूच घेऊन जा तिला." आईला विचारले. म्हणाली, "बघू."

आमच्या घराण्यात "बघू" म्हणजे नाही. परंतु सर्व सिद्ध असलेल्या घराला नाही म्हणणे कठीण जाते, असा माझा कयास आहे.

७ फेब्रुवारी

स्नानगृहाचा जुना नळ काढला. त्यापूर्वी पाण्याची मुख्य चावी बंद केली होती. ती स्वयंपाकघराची निघाली. स्नानगृहाची चावी गच्चीवर आहे, हे गच्चीवर जाईपर्यंत लक्षात आले नाही. तोवर बायको नळाच्या भोकावर हात दाबून उभी होती. खाली आलो, तेव्हा ती नखशिखान्त भिजलेली होती.

"अहो, बी. कॉम.ला हे नव्हतं का?" एवढेच म्हणाली.

९ फेब्रुवारी

नवा नळ बसवला. गळतो.

१० फेब्रुवारी

नळाच्या आट्यांवर गळती रोखणारी पांढरी पट्टी पुन्हा गुंडाळली – या वेळी आटे ज्या दिशेने वळतात त्या दिशेने. कमी गळतो.

११ फेब्रुवारी

गळत नाही. बायकोला बोलावून दाखवले. ती म्हणाली, "न गळणारा नळ बघायला बोलावलंत?"

१५ फेब्रुवारी

स्नानगृहाच्या भिंतींवर आधाराचे दांडे बसवायचे आहेत. दुकानदार म्हणतो, कमरेइतके घ्या. कुणाच्या कमरेइतके? धाकट्याला फोन केला : आईच्या नकळत तिच्या कोपराची जमिनीपासूनची उंची मोजून कळव. नकळत, हा शब्द दोनदा उच्चारला.

धाकट्याने पाच मिनिटांनी आईलाच फोनवर दिले.

"माझं माप कशाला रे? कपडे शिवतोयस?"

हो म्हणणे सोपे होते. पण खोटे बोलणे मला कधी साधलेले नाही; उच्चारण्यापूर्वीच कानांच्या पाळ्या लाल होतात आणि आईला ते फोनवरूनही कळते. म्हणालो, "भिंतीला दांडे बसवायचेत. धरायला."

"कुणाला धरायला?"

मी पुन्हा माप विचारले.

"बघू," असे म्हणून तिने फोन परत दिला. माप मात्र पाठीमागून ओरडून सांगितले. कामात ती कधी कुणाला अडवत नाही.

२१ फेब्रुवारी

स्नानगृहाच्या फरश्या बसवून पूर्ण झाल्या. असे काम मी आयुष्यात केलेले नाही. प्रत्येक फरशीवर सपाटी दाखवणारी पाणसळ ठेवून पाहिली – उभी, आडवी, तिरपी. बुडबुडा सर्वत्र मध्यभागी. जन्मभर हिशेब तपासून सह्या केलेला वाणिज्य शाखेचा मनुष्य असल्यामुळे दोन्ही बाजू समान आल्या की माझा जीव भांड्यात पडतो. आज पडला. कुंपणापलीकडच्या निवृत्त कवायत मास्तरांना मुद्दाम बोलावून दाखवले. "कॅरम खेळता येईल," ते म्हणाले. मी आभार मानले.

२४ फेब्रुवारी

बायकोने नव्या फरशीवर पहिली बादली ओतली. पाणी जागचे हलले नाही.

सांडपाण्याची जाळी कोपऱ्यात. पाणी मध्यभागी. आम्ही दोघे दारात उभे राहून त्याकडे पाहत होतो.

बायको म्हणाली, "ते तुमच्या सहीसाठी थांबलंय का?"

न्हाणीच्या फरशीला जाळीकडे उतार द्यावा लागतो, हे मला ठाऊक होते. ठाऊक असूनही पाणसळ हाती आल्यावर ते माझ्या ध्यानात राहिले नाही. आईसाठी घसरणार नाही अशी फरशी करायला निघालो आणि तळे करून ठेवले.

२५ फेब्रुवारी

फोडली.

१ मार्च

पुन्हा बसवल्या. जाणूनबुजून कललेले काम करणे मला फार जड गेले. हात आपोआप सपाट करू पाहतो. शेवटी बायकोने पाणसळ काढून घेतली आणि दोरी ताणून धरली. "मी सांगते तिथं ठोका. वर बघू नका." फरश्या पक्क्या झाल्यावर मुलीच्या लहानपणीची एक गोटी शोधून तिने दारातून सोडली. गोटी जरा रेंगाळली, वळली आणि जाळीपाशी जाऊन थांबली.

आम्ही ती सगळ्या कोपऱ्यांतून सोडून पाहिली. आवश्यकतेपेक्षा अधिक वेळा.

८ मार्च

आई घर पाहून गेली. धाकट्याने जिना उतरवून गाडीतून आणले होते.

फाटकातून आत येताना उखडलेल्या काँक्रीटला तिची चप्पल अडली. धाकट्याने दंड धरला, तो तिने झटकला.

खोली पाहिली. उंच केलेला पलंग पाहिला. स्नानगृहात गेली. दांडे, बसून अंघोळ करण्याची चौकी, उंच कमोड, हाताशी येणारी घंटा. मी एकेकाचे प्रयोजन सांगत होतो. सर्व ऐकून घेतले. एकाही दांड्याला हात लावला नाही. उलट दोन्ही हात पाठीशी बांधून घेतले.

"काम स्वच्छ आहे," म्हणाली. "दवाखाना वाटतो."

नंतर स्वयंपाकघरात गेली. बायको भाजी चिरत होती. "दे गं, मी चिरते."

"नको आई. तुम्ही आता काही म्हणजे काही करायचं नाही. फक्त आराम."

बायको प्रेमानेच म्हणाली. मीही मान डोलावली. आईने विळीकडे एकदा पाहिले, मग चहा प्यायली, स्वतःचा कप स्वतः विसळला आणि धाकट्याला म्हणाली, "चल."

गाडीत बसताना मी विचारले, "मग कधी येतेस?"

"आजारी पडले की येईन."

९ मार्च

 संध्याकाळी बायको म्हणाली, "मी विळी द्यायला हवी होती."

१४ मार्च

धाकट्याचा फोन. आई काल एकटीच खाली जायला निघाली आणि दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात बसून राहिली. ना वर, ना खाली. खालच्या बिऱ्हाडाने बसायला खुर्ची आणून दिली. "दादा, मी कामावर असतो. एक दिवस ही जिन्यावरून गडगडेल. तूच काहीतरी कर."

तिच्याशी बोललो. हवापाण्याचे बोलली. यायचे का, असे विचारले, तर म्हणाली, "तुझ्या घरी सगळं झालंय रे. मी येऊन काय करू? घंटा वाजवू?"

१६ मार्च

वाट करायला घेतली आहे. मास्तर कुंपणावर कोपरे टेकून म्हणाले, "मातोश्री तर येत नाहीत म्हणताहेत. मग कुणासाठी?"

तिची चप्पल तिथे अडली होती. अडलेली जागा तशीच ठेवता येत नाही. पण हे मास्तरांना काय सांगणार. म्हणालो, "हाती घेतले आहे."

जुने काँक्रीट फोडून खडी अंथरली. या वेळी सर्वप्रथम उतार आखला – घरापासून बाहेरच्या बाजूला. गोटी खिशात ठेवली आहे.

१९ मार्च

उद्या काँक्रीट टाकणार. सिमेंटची पोती फाटकाबाहेर उतरवून झाली. मास्तर म्हणाले, "वाकून उचलू नका. गुडघ्यात बसून उचला. मी हजारो पोरांना हेच शिकवलंय." त्यांना नम्रपणे सांगितले की पोती आहेत, पोरे नाहीत.

२० मार्च

कंबर.

२२ मार्च

आज लिहिण्याइतपत बसता येते. चौथे पोते उचलले – वाकून – आणि पुन्हा सरळ होता आले नाही. मास्तर आणि बायको यांनी मला काटकोनात घरात आणले. डॉक्टर म्हणाले, कमरेत लचक भरली आहे. पडून राहा, वजन उचलू नका, आधाराशिवाय उठू नका.

कालवलेले काँक्रीट थांबत नाही. ते त्या दोघांनीच ओतले आणि थापले. मी पलंगावरून खिडकीवाटे सूचना देत होतो. कुणी ऐकत नव्हते. उतार मात्र बरोबर आला आहे, असे बायको सांगते.

मला मागच्या खोलीत हलवले आहे, कारण पलंग उंच आहे. कमोडच्या उंचीचा फार उपयोग होतो. दांडे माझ्या दृष्टीने बुटके आहेत; आईच्या मापाचे आहेत. पण भिंतीत भक्कम बसले आहेत. सबंध भार टाकून पाहिला.

घंटा अद्याप वाजवलेली नाही.

२३ मार्च

वाजवली.

२६ मार्च

धाकट्याने आईला सांगितले. तिने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला असावा. "कुणी सांगितलं होतं पोती उचलायला? वय काय तुझं?" माझे उत्तर पूर्ण होण्यापूर्वीच फोन बंद.

२८ मार्च

आई आली.

खोलीच्या बाजूच्या खिडकीतून फाटक आणि वाट दिसते; तिथून पाहिले. नव्या वाटेवरून काठी टेकत, कुठेही न अडता चालत आली. मागे धाकटा तिची ट्रंक घेऊन. माझ्याकडे न येता आधी स्वयंपाकघरात गेली. मला आवाज ऐकू येत होते.

"सूनबाई, एकटीनं किती करशील? विळी कुठंय?"

"ही घ्या, आई. आणि कांदेही घ्या."

मग खोलीत आली. माझ्याकडे आणि पलंगाकडे पाहिले. "ऊठ. सकाळपासून हललेला दिसत नाहीस." स्नानगृहाच्या दारापर्यंत मी तिच्या खांद्याचा आधार घेतला. तिथून पुढे मी एक दांडा धरला आणि दुसरा तिने. माझा तोल गेला तर असावा म्हणून.

"बरं झालं तू हे लावून ठेवलंस," म्हणाली.

किती दिवस राहणार, असे विचारले.

"तू बरा होईपर्यंत. मग जाईन."

५ एप्रिल

आई आता फाटकापर्यंत रोज जाते. मास्तरांशी कुंपणावरून भांडते. म्हणते, तुमच्या कवायतीने माझ्या मुलाची कंबर वाचली नाही. अंघोळीला जाते तेव्हा दांड्याची किंचित किणकिण ऐकू येते. बांगडीची असावी. मी विचारत नाही.

१९ एप्रिल

कंबर पूर्ण बरी आहे. बरेच दिवस झाले.

सकाळी आईने विचारले, "अजून दुखतं का रे?"

म्हणालो, "थोडं."

तिने माझ्या कानांकडे पाहिले. मग म्हणाली, "पडून राहा."