उजवीकडची सोन्याची तार

कलअत सालिह,
शुक्रवार, १९ जानेवारी १९९६, दुपारचे साडेतीन. बाबांच्या कबरीवर तीन दिवस ठेवायचा मातीचा शिक्का मोडून आलो, हात धुतले आणि लिहायला बसलो.

प्रिय झहरूनदादा,

तू आणि वहिनी तिकडे स्वीडनमध्ये खुशाल असाल. महान जीवन तुमचं रक्षण करो. शेजारच्या फोनवरून तुला निरोप दिला तेव्हा मध्येच लाइन तुटली, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

आज तीन दिवस भरले. बाबांचा जीव देह सोडून निघाला. उजेडाच्या देशातून तो आला होता, तिकडेच चालला आहे. वाटेतल्या सगळ्या चौक्या ओलांडायला पंचेचाळीस दिवस लागतील. आई म्हणते, तोवर रडायचं नाही. आपलं प्रत्येक टिपूस त्यांच्या वाटेवरच्या नदीत पडतं आणि ती नदी त्यांनाच पार करावी लागते. "तिकडे बर्फात कोणी बघत नाही म्हणून रडत बसू नकोस म्हणावं," हेही तिनेच लिहायला सांगितलं आहे.

बाबा शुभ्र वस्त्रांत गेले. नदीच्या पाण्याने न्हाऊन, डोक्यावर हिरव्या डहाळीचं कडं, तोंड ध्रुवाकडे. काही राहिलं नाही. दुकान सोमवारी उघडेन. तुझ्या ऐरणीला मी अजून तेल लावतो.

हे सगळं खरं आहे, पण मधलं गाळलं आहे. आता ते लिहितो.

ऑपरेशन गुरुवारी ठरलं होतं. मी बाबांना सोमवारीच अमाऱ्याच्या इस्पितळातून घरी आणलं.

डॉक्टर वाईट माणूस नव्हता. म्हणाला, "वाचतील असं मी सांगत नाही. पण आशा आहे. घरी नेऊन काय करणार?"

मी म्हटलं, "आंघोळ."

"जानेवारीत? नदीच्या पाण्याने? अरे, गारठून मरतील ते."

मी सही केली. खमीसमामा बाहेर उभे होते. "सहावीत शाळा सोडलीस आणि डॉक्टरला शिकवतोस," म्हणाले. पण बाबांना उचलून गाडीत त्यांनीच ठेवलं.

दादा, तिथे त्यांना निळा सदरा घातला होता, पाठीला बंद असलेला. नर्स कागदावरचं नाव पुकारायची, "दाखिल, ओ दाखिल." बाबा डोळे उघडत नसत. नुसती सदऱ्याची बाही ओढत राहायचे. टेबलावर, बेशुद्धीत, त्याच सदऱ्यात गेले असते तर? जिवंतपणी न्हाऊन वस्त्रं चढली नाहीत तर जीव पहिल्याच चौकीवर अडकतो, हे मला तूच सांगितलं होतंस. मी लहान होतो. त्या रात्री मी झोपलो नव्हतो.

मंगळवारी दुपारी अंगणात सगळं मांडलं. वस्त्रं आईने केव्हाच शिवून ठेवली होती. उजवीकडे सोन्याची तार आणि डावीकडे रुप्याची, हे काम माझं. टाके बारीक घातले. मामांनी नदीवरून पाणी आणलं आणि डोक्यापासून पायापर्यंत तीनदा ओतलं. बाबांचे ओठ निळे पडले. आम्ही घाईने वस्त्रं चढवली. आपले म्हातारे पुरोहित, तरमीदा अनूश, दाराशी उभे राहून मंत्र म्हणत होते. त्यांनी बाबांना खऱ्या, धर्मातल्या नावाने हाक मारली, आजीच्या नावासकट. ते नाव इथे लिहीत नाही, तुला ठाऊक आहे.

बाबांनी डोळे उघडले.

आधी मामांच्या हातातल्या बादलीकडे बघितलं. म्हणाले, "गार आहे रे." मग मान वाकवून स्वतःच्या छातीकडे बघत राहिले. बराच वेळ.

"शीतिल, तुझा उजवा हात कुठला?"

मी हात वर केला. आणि मला कळलं. वस्त्र समोर धरून शिवताना सोनं मी माझ्या उजवीकडे लावलं होतं. म्हणजे त्यांच्या डावीकडे.

"जन्मभर मी तार ओढली आणि पोरगा सोनं डावीकडे लावतो. वर मला काय विचारतील?"

आई म्हणाली, "तुम्ही बोलू नका, दम लागेल." आणि तिने दातांनी दोरा तोडला. मी दोन्ही तारा पुन्हा लावल्या. बाबा हलले नाहीत. दुकानात तपासायचे तसा अंगठा सोन्यावरून फिरवला. "आता बरोबर," म्हणाले. तासाभराने गेले.

पाण्याने गेले की आजाराने, मला माहीत नाही. डॉक्टरचं वाक्य कानातून जात नाही. तू विचारशील, म्हणून आधीच लिहून टाकतो.

पण ती तार आपण फक्त जाणाऱ्याच्याच वस्त्राला लावतो. त्यांनी ती पाहिली. काढ म्हणाले नाहीत. बाजू बदल म्हणाले.

राग आला तर राग धर, तो मला चालेल. रडू मात्र नकोस. एक मार्चला पंचेचाळीस दिवस भरतील. त्यानंतर आपण दोघंही रडू.

तुझा,
शीतिल

ता. क. हिशेब :
गाडीभाडं, अमारा ते घर : चार हजार दिनार. दिले.
जेवणाचं पीठ आणि मासे : नऊ हजार. मामांचं देणं.
सोनं, रुपं : दुकानातलंच, बाबांच्या हातचं.
ऑपरेशनसाठी तू पाठवलेले तीनशे डॉलर : तसेच आहेत.