तीनशे चाळीस पुस्तके कुणी घरी न्यावीत याविषयी

मी, असिलकान जुमाबाय कीझी, वय सत्तावीस, ग्रंथपाल, राहणार कोक-बुलाक, जिल्हा नारीन, आमच्या पुढच्या खोलीत उशीला टेकून स्वतःच्या हाताने हे लिहून ठेवत आहे. डोके शाबूत आहे. हात थकतो म्हणून मध्ये मध्ये थांबते, इतकेच. कुणाच्या सांगण्यावरून लिहीत नाही. उलट आईने दोनदा पेन काढून घेतले.

आम्ही निघताना बिश्केकच्या डॉक्टरांनी वडिलांना बाहेर बोलावले, मला नाही. त्यावरून मी समजले. यंदा कळप वरच्या कुरणावर निघतील तेव्हा मी बरोबर नसेन.

कलम १. घर आणि जनावरे वडिलांची आहेत, त्यांत माझे काही नाही. चाकांवरची लोखंडी खोली माझी आहे. गावचे वाचनालय बंद झाल्यावर तिथली पुस्तके मी हिच्यात लावली. माझा भाऊ मिरबेक दर जूनमध्ये ती ट्रकला जोडून वर नेतो. ती मी मिरबेकला देते, एका अटीवर: ती पुस्तकांसकट वर जावी, मिठाची पोती भरून नव्हे. पहिल्या वर्षी तो म्हणाला होता, "वर लोक घोड्या दोहायला जातात, परीक्षेला नाही." त्याच उन्हाळ्यात त्याने शेवटची पाने फाटलेली एक खुनाची गोष्ट वाचली आणि आठवडाभर दिसेल त्याला खुनी कोण ते विचारत फिरला. ती पाने मी बिश्केकला दुसऱ्या प्रतीवरून उतरवून आणली आहेत. निळी वही. ती त्याची.

कलम २. पदवीचे प्रमाणपत्र आईला. आमच्या घरात ते पहिलेच, त्यामुळे पाहुण्याच्या हातात चहा पडण्याआधी ते पडते. माझ्या मागे तिने ते भिंतीवरून काढावे असे मला वाटते. पण तिला वाटेल तेच तिने करावे.

वडिलांना तारे ओळखण्याचे पुस्तक. "शिकून आलीस ती परत मेंढ्यांच्याच मागे?" असे ते मला सगळ्यांसमोर म्हणाले होते. ते बोलणे मी चार वर्षे मनात धरून ठेवले. आज सोडते.

कलम ३. कुणाला काय द्यावे, याबद्दल. सुरुवातीला मी फार चुका केल्या. लोकांनी काय वाचले पाहिजे हे मला ठाऊक आहे, असे मला वाटे. आमची शेजारीण गुलसून हिचा नवरा बर्फात गाडला गेला, तेव्हा मी तिला एका विधवेची कादंबरी दिली. दुसऱ्या दिवशी ती परत घेऊन आली.

"हे माझ्याकडे घरीच आहे गं," ती म्हणाली. "दुसरं काही दे. समुद्राचं आहे का?"

तेव्हापासून मी आधी विचारते, मग देते. माझ्या जागी जो बसेल त्याने एवढे पाळावे. दुःखी माणसाला समुद्र द्यावा, किंवा पाककृतींचे रंगीत चित्रांचे पुस्तक. नव्या सुनांना प्रेमकथा द्याव्यात, पण वर मधमाशा पाळण्याचे पुस्तक ठेवून, म्हणजे सासू विचारत नाही. कविता मागणाऱ्याला हसू नये. जो म्हणतो "मला वेळ नाही" त्याला सर्वांत जाड इतिहास द्यावा. असा माणूस हट्टाने वाचतो. आणि प्रत्येकाला एक पुस्तक त्याच्या आवडीचे, एक अजिबात नसलेले, अशी जोडी द्यावी.

कलम ४. (हे कलम मी खोडले आहे, पण वाचता येईल असेच खोडले आहे.) ~~सर्व पुस्तके मी आजच, हयातीत, बूबूसारा आपांना देत आहे. माझ्या मागे त्यांनी ती स्वतःची म्हणून स्वतःच्या हाताने वाटावीत.~~

असे लिहिण्याचे कारण गावात सर्वांना माहीत आहे. म्हातारे माणूस गेले की त्याच्या कापडाचा तुकडा लोक मागून नेतात, त्याचे आयुष्य आपल्याला लाभावे म्हणून. तरुण गेलेल्याच्या वस्तूला कुणी हात लावत नाही. मी तर अजून आहे. तरी गेल्या महिन्यात गुलसूनच्या गरोदर सुनेला पाठवलेले पुस्तक स्वच्छ फडक्यात गुंडाळून परत आले, वर तळलेल्या पिठाचे गरम बोरसोक. कुणी वाईट बोलले नाही. बोरसोक मी खाल्ले. पण मी गेल्यावर तीनशे चाळीस पुस्तके त्या खोलीत कुजणार, हे मला त्या फडक्यावरून कळले.

म्हणून काल बूबूसारा आपांना बोलावले. वय एक्याण्णव. त्यांच्या हातचे कुणी नाकारणार नाही.

कलम वाचून दाखवल्यावर त्या म्हणाल्या, "मला स्वतःचं नाव लिहिता येत नाही आणि तू मला एवढ्या कागदांची मालकीण करतेस?"

"नुसतं नावाला, आपा."

"तुझ्याआधी मीच गेले तर?"

"मग तर लोक रांग लावतील."

त्या हसल्या. डोक्याचा रुमाल सोडून त्यांनी माझ्या मांडीवर ठेवला. धुऊन धुऊन त्याचा रंग गेला होता.

"हा माझ्या लेकीचा, सायमाचा. एकोणिसाव्या वर्षी गेली पोर. सगळ्या बायका म्हणाल्या, टाकून दे. मी त्याच दिवशी बांधला. अठ्ठेचाळीस वर्षं झाली. मेले का मी?"

मी रुमालावरून हात फिरवला.

"मी खोटं बोलून तुझी पुस्तकं वाटणार नाही, पोरी. तुझी आहेत, तुझ्या नावानं जातील. पहिलं मी घेते. चारचौघांत घेते. बघू मग कोण फडकं गुंडाळतं."

"पण तुम्हाला वाचता..."

"वाचेल कुणीतरी. गुलसूनची सून बसलीय ना दिवसभर रिकामी. समुद्राचं दे, ते चांगलं म्हणतात."

कलम ५. म्हणून कलम चार रद्द. पुस्तके कुणा एकाची नाहीत, वाचणाऱ्यांची आहेत. नोंदवहीत 'कुणाकडून' या रकान्यात माझेच नाव लिहीत जावे. माझी एवढीच इच्छा आहे, बाकी सगळी व्यवस्था आहे.

पुढे काही लिहिण्याची शक्ती नाही. वरचे सर्व मला मान्य आहे.

असिलकान जुमाबाय कीझी
कोक-बुलाक, ११ मे २०१९

साक्षीदार:
१. गुलसून, शेजारीण. सही. (सुनेला घेऊन आली होती.)
२. बूबूसारा, वय ९१. डाव्या अंगठ्याचा ठसा. त्यांच्या सांगण्यावरून शेजारी लिहिले: पुस्तक मिळाले. आठ पाने ऐकून झाली. जहाज अजून बंदरातच आहे.